अनुभव धागा: तुमच्या प्रेमकथेतली माणसं आली कुठून?

प्रेमकथेचा शेवट गोड होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. पण तो गोड शेवट कोणाच्या वाट्याला येणार, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. वर्षानुवर्षं तो तरुण, देखण्या, धडधाकट जोड्यांनाच मिळत आला. तुम्ही तो आणखी कोणाला दिलात आणि ते माणूस तुम्हाला कुठे भेटलं, हे सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करते. माझी ५८ वर्षांची नायिका आत्यावरून सुचली. आत्याचा नवरा फार लवकर गेला. निवृत्तीनंतर तिला एक गृहस्थ आवडायला लागले. दोघं फोनवर एकच शब्दकोडं सोडवायचे, आडवे शब्द त्यांचे, उभे हिचे. घरच्यांना वाटायचं, उतारवयात सोबत हवी असते, एवढंच. पण फोन वाजला की आत्या आधी केस सारखे करायची हो! संपादकांनी नायिकेचं वय चाळिशीवर आणायला सुचवलं. मी आणलं नाही.

*

मला लहानपणापासून कमी ऐकू येतं. मी वाचलेल्या बहुतेक प्रेमकथांमध्ये ऐन मोक्याला दिवा मालवतात आणि तो तिच्या कानात काहीतरी कुजबुजतो. अंधारात मला ओठ दिसत नाहीत, म्हणजे बोलणंच खुंटलं. म्हणून माझ्या कादंबरीत दिवा चालू आहे. नायक बोलण्याआधी तिचा चेहरा आपल्याकडे वळायची वाट बघतो. चालताना न सांगता तिच्या उजव्या बाजूला येतो, कारण तो कान जरा बरा आहे.

पहिल्या मिठीत तिचं श्रवणयंत्र शिट्टी मारतं. यंत्राला काही टेकलं की बाहेर आलेला आवाज परत त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि ते वाजायला लागतं, वापरणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. ती ते काढते आणि त्याच्या हातात देते. इतरांना हा साधा प्रसंग वाटेल. पण त्यात केवढा विश्वास आहे, हे आमच्यासारख्या वाचकांनी बरोबर हेरलं. शेवटी तिला चमत्काराने ऐकू यायला लागत नाही. तसं मी होऊच दिलं नसतं.

*

माझी गोष्ट दोन पुरुषांची आहे. मामा आणि त्याचे ‘मित्र’ आयुष्यभर एका घरात राहिले. घरच्या प्रत्येक फोटोत मामा आहे, मित्र एकाही फोटोत नाहीत. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात दिलेला असायचा. माझ्या कादंबरीत फोटो तिसराच कोणीतरी काढतो.

*

मी फक्त वाचक आहे, पण एक नाव इथे यायलाच हवं. अमेरिकेत १९८० साली व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिकेने ‘एन्टवाइन्ड डेस्टिनीज’ ही कादंबरी काढली. लेखिका एल्सी वॉशिंग्टन, टोपणनाव रोझलिंड वेल्स. नायक-नायिका दोघंही कृष्णवर्णीय. त्याच वर्षी तिथल्या प्रेमकथा-लेखकांची संघटना उभी करण्यातही स्टीफन्स होत्या. आणि त्याच संघटनेचा रिटा पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकांना पहिल्यांदा मिळाला तो थेट २०१९ मध्ये! २०२० मध्ये रिटा बंद करून त्याजागी स्टीफन्स यांच्या नावाने ‘व्हिव्हियन’ हा नवा पुरस्कार जाहीर केला. एवढी वर्षं चांगलं लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय लेखिका नव्हत्या, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालायला तयार आहे.

*

माझी नायिका व्हीलचेअर वापरते, मी वापरत नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी वापरणाऱ्या मैत्रिणीला विचारलं, ‘नायकाने काय केलं तर तू विरघळशील?’ मला वाटलं, पत्रं, फुलं असं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, ‘भेटायची जागा ठरवण्याआधी एकटा जाऊन पायऱ्या किती आहेत ते बघून आला, तर.’ तिसरं प्रकरण त्यावरच उभं आहे. तो दाराची रुंदी मोजतो, स्वच्छतागृहापर्यंत जाऊन येतो आणि तिला यातलं काही सांगत नाही. पुढची प्रकरणं अजून कच्ची आहेत. व्हीलचेअर वापरणारं कोणी खर्डा वाचून देणार असेल तर जरूर कळवा.