साताऱ्याच्या घाटात पाऊस असेल तर
वर विंडचीटर घालून पळायचा सल्ला आलाय. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला तरी तो नको. यवतेश्वर घाट चढताना आत घाम कोंडतो आणि कपडे आतूनच भिजतात. त्यापेक्षा कचऱ्याच्या मोठ्या पिशवीला डोक्या-हातांसाठी भोकं पाडून ती शर्यत सुरू होईपर्यंत घाला, मग काढून कचरापेटीत टाका. मांड्या, काखा, स्तनाग्रं, पायाची बोटं यांना व्हॅसलीन जाडसर चोपडा. मोजे सुती अजिबात नकोत, ते पाणी धरून ठेवतात आणि फोड येतात.

खरा धोका परतीच्या उतारावर. ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून पाय सटकतो, म्हणून डांबरावरच राहा, पावलं आखूड टाका. पावसात तहान जाणवत नाही, घाम मात्र जातोच. पाण्याचा थांबा चुकवू नका. नंतर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला.