डबा वाजला, वाजवणारे सुटले: बेल्त्रानला हॉल ऑफ फेममध्ये घ्यावं का?

बायूकाठचा (ह्यूस्टन)

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचं, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनाचं, मतदान जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. इचिरो सुझुकी ३९४ पैकी ३९३ मतं घेऊन आत गेला. सीसी सबाथिया गेला, आमचा जुना पिचर (चेंडू टाकणारा) बिली वॅग्नरही गेला. आमच्या २०१७ च्या संघातला कार्लोस बेल्त्रान मात्र ७०.३ टक्क्यांवर अडला, ७५ लागतात. २०२३ मध्ये त्याला ४६.५ टक्के होते, २०२४ मध्ये ५७.१. हा चढ बघता आज ना उद्या तो आत जाणार असंच तेव्हा दिसत होतं. यावरून आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर वाद पेटला, म्हणून इथे मांडतोय.

ज्यांनी आमच्या संघाचं खुणाचोरीचं प्रकरण जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढचा चेंडू कुठला टाकायचा हे बॅटरमागचा कॅचर तेव्हा बोटांच्या खुणांनी पिचरला सांगायचा. ताशी ९५ मैलांचा चेंडू बॅटरपर्यंत पोचायला जेमतेम ०.४ सेकंद लागतात, म्हणजे फास्टबॉल येणार की वळणारा चेंडू, हे आधी कळणं म्हणजे गुगली हातातून सुटण्याआधी कळण्यासारखं. दुसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या खेळाडूने त्या खुणा स्वतःच्या डोळ्यांनी ओळखल्या तर तो खेळाचा भाग आहे. ह्यूस्टन अॅस्ट्रोजने २०१७ मध्ये सेंटर फील्डच्या कॅमेऱ्याचं चित्र डगआउटमागच्या बोगद्यात एका स्क्रीनवर आणलं आणि कचऱ्याच्या डब्यावर बॅट आपटून बॅटरला इशारे दिले. डबा वाजला तर वळणारा किंवा हळू चेंडू, शांतता असेल तर बहुधा फास्टबॉल. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना सात सामन्यांत हरवून अॅस्ट्रोज पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकले.

त्या उन्हाळ्यात बाबा साताऱ्याहून आले होते. ऑगस्टमधल्या एका मॅचला मी त्यांना घेऊन गेलो. पहिल्या बेसच्या बाजूला, आमच्या डगआउटच्या थोडं वर बसलो होतो. गर्दी फार नव्हती. मधल्या एका इनिंगमध्ये बाबा म्हणाले, "आतमध्ये डबा कोण बडवतंय रे?" मी म्हटलं, पोरं मस्ती करत असतील. नोव्हेंबर २०१९ मध्ये माईक फायर्स या आमच्याच जुन्या पिचरने सगळं उघड केलं, तेव्हा मी बाबांना फोन लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपण टाळ्या कशाला वाजवल्या?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

शिक्षा काय झाली? जानेवारी २०२० मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी जनरल मॅनेजर जेफ लूनाव आणि मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) ए. जे. हिंच यांना वर्षभरासाठी निलंबित केलं. मालक जिम क्रेन यांनी त्याच दिवशी दोघांना काढून टाकलं. संघाला ५० लाख डॉलर दंड झाला आणि दोन वर्षांचे पहिल्या-दुसऱ्या फेरीतले ड्राफ्टचे, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे, हक्क गेले. ज्यांनी चेंडू मारले त्या बॅटरांपैकी एकालाही शिक्षा नाही, कारण चौकशीत बोलावं म्हणून त्यांना आधीच अभय दिलं होतं. क्रेन यांनाही नाही. पुढच्या महिन्यात ते पत्रकारांसमोर म्हणाले की याचा खेळावर परिणाम झाला असं आम्हाला वाटत नाही, आणि काही क्षणांतच आपण असं म्हणालोच नाही असंही म्हणाले.

अहवालात खेळाडूंपैकी एकट्या बेल्त्रानचं नाव आलं. न्यूयॉर्कच्या मेट्सनी त्याला मॅनेजर नेमलं होतं, एकही सामना न होता ते पद गेलं. माझं मत स्पष्ट आहे. बेल्त्रानला आत घेऊ नये, २०१७ चं विजेतेपद रद्द व्हायला हवं होतं, आणि क्रेन यांना निदान एक वर्ष स्वतःच्या संघाच्या मैदानात पाऊल टाकू द्यायला नको होतं. हे मी अॅस्ट्रोजचा चाहता म्हणून लिहितोय, आणि लिहिताना आतून तुटतंय.

मेघना, केटी

मी दुसऱ्या टोकाला आहे आणि राहणार.

२५ ऑगस्ट २०१७ ला हार्वे वादळ किनाऱ्याला लागलं. आमच्या घरात कंबरभर पाणी होतं. मुलांना घेऊन नऊ दिवस एका शाळेच्या जिममध्ये झोपलो. अॅस्ट्रोजनाही घरचे सामने फ्लोरिडात खेळावे लागले. २ सप्टेंबरला ते परत आले आणि जर्सीवर शहराच्या नावाची पट्टी लावून मेट्सविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने खेळले. तो दिवस मला माझ्या लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त स्पष्ट आठवतो. भिंतींचं प्लास्टर खरवडत आम्ही रेडिओवर कॉमेंटरी ऐकत होतो. शेजारचे मेक्सिकन आजोबा, ज्यांच्याशी तोवर कधी धड बोलणं झालं नव्हतं, ते आमच्या ओसरीत येऊन बसायचे.

ते विजेतेपद रद्द करा म्हणता, तेव्हा नक्की कोणाकडून काढून घेता? क्रेन यांचं काय जाणार आहे? त्यांनी २०११ मध्ये सुमारे ६८ कोटी डॉलरचा करार करून संघ घेतला, आज त्याची किंमत कितीतरी पट आहे. ट्रॉफी गेल्याने त्यात एक डॉलर कमी होणार नाही. जाणार ते आमचं. चूक झाली, शिक्षा व्हायला हवी होती, खेळाडूंनाही व्हायला हवी होती. पण जे घडलं ते घडलंच नाही असं कागदावर लिहून खरं होत नाही.

जुना_डॉजर

मेघनाताई, तुमच्या घरात पाणी शिरलं त्याचं मनापासून वाईट वाटतं. पण वादळाचा आणि डब्याचा काय संबंध?

मी लॉस एंजेलिसला २६ वर्षं राहतोय. त्या सिरीजचा पाचवा सामना ह्यूस्टनमध्ये झाला, १३-१२, दहाव्या इनिंगमध्ये संपला. क्लेटन केरशॉ, आमच्या पिढीतला सर्वोत्तम डावखुरा पिचर, त्याने ५१ वळणारे चेंडू टाकले आणि त्यावर एकदाच बॅट हुकली. एकदाच! आठवडाभर लोक त्याला दडपणाखाली कोसळणारा म्हणत होते. माझा मुलगा तेव्हा ११ वर्षांचा, केरशॉसारखाच डावखुरा. त्या रात्री त्याने भिंतीवरचं पोस्टर काढून ठेवलं. त्या मुलाला काय सांगायचं, की शिक्षा झाली, दोन साहेबांची नोकरी गेली?

आणि नोकरी तरी कुठे गेली? हिंच २०२० संपता संपता डेट्रॉइटला मॅनेजर झाले. अॅलेक्स कोरा, तेव्हाचा ह्यूस्टनचा सहप्रशिक्षक, जो अहवालानुसार या सगळ्याच्या मुळाशी होता, त्याला बॉस्टनने त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅनेजर म्हणून परत घेतलं. माईक बोल्सिंजर मात्र परत आला नाही. टोरांटोचा हा साधा रिलीफ (मध्येच बदली येणारा) पिचर ४ ऑगस्ट २०१७ ला ह्यूस्टनमध्ये आला, एकच बॅटर बाद केला आणि चार रन दिले. त्यानंतर मेजर लीगमध्ये तो एकही चेंडू टाकू शकला नाही. पुढच्याच वर्षी जपानमध्ये १३ सामने जिंकला, २ हरला. म्हणजे हात शाबूत होता. एका माणसाचं करिअर डब्याखाली गेलं. मला त्याच्या बाजूने कोणीतरी बोललेलं ऐकायचं आहे.

आकडेमोड

राग समजतो, पण आकडेही बघा. २०१७ च्या नियमित हंगामात अॅस्ट्रोज घरी ४८ जिंकले, ३३ हरले. बाहेर ५३ जिंकले, २८ हरले. डबा फक्त घरीच होता, आणि बाहेर ते जास्त जिंकले! अॅस्ट्रोजच्याच एका चाहत्याने त्या वर्षीच्या घरच्या ५८ सामन्यांची चित्रफीत चेंडूगणिक ऐकली आणि ११०० हून जास्त वेळा डबा वाजल्याची नोंद केली. त्या नोंदींवर अभ्यास करणाऱ्यांनाही मोठा, एकसारखा फायदा दाखवणं कठीण गेलंय.

म्हणून विजेतेपद रद्द करण्याच्या मी विरोधात आहे.

जुना_डॉजर

आकडे अर्धेच दिलेत. प्लेऑफचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, मी देतो. घरी ८ विजय, १ पराभव. बाहेर ३ विजय, ६ पराभव. वर्ल्ड सिरीज नियमित हंगामात जिंकत नाहीत, ऑक्टोबरमध्ये जिंकतात.

आकडेमोड

१८ सामने फारच थोडे आहेत, त्यातून काही सिद्ध होत नाही. शिवाय सातवा, निर्णायक सामना डॉजर स्टेडियममध्येच झाला आणि तिथे डबा नव्हता. तरीही एक गोष्ट मान्य करतो. फायदा झाला की नाही हा प्रश्न शिक्षेसाठी गैरलागू आहे. परीक्षेत चिठ्ठी नेली आणि उत्तर चुकलं तरी कॉपी ती कॉपीच. हे मी पहिल्या प्रतिसादातच लिहायला हवं होतं.

नाशिकचा ऑफस्पिनर

मी बेसबॉल अमेरिकेत शिकायला गेल्यावर पाहू लागलो, त्यामुळे सगळं क्रिकेटच्या चष्म्यातून दिसतं. मालकाला शिक्षा करता येत नाही असं इथे सगळे धरून चाललेत. आपल्याकडे झालीय. २०१३ च्या आयपीएल सट्टा प्रकरणात जुलै २०१५ ला न्या. लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान हे दोन्ही संघ दोन वर्षांसाठी बाहेर काढले. संघाच्या मालकीशी नातं असलेल्या दोघांवर आजन्म बंदी आली. दोन हंगाम चेन्नईत पिवळी जर्सी उतरली नाही. मालकाला झळ बसते ती अशी, तिकिटं आणि जाहिराती बुडाल्यावर. ५० लाख डॉलर म्हणजे एखाद्या बऱ्या पिचरचा वर्षाचा पगारही नाही. लीगच्या घटनेनुसार तो कमाल दंड होता म्हणतात. मग ती घटना कोणी लिहिली? मालकांनीच. आणि कमिशनरला नेमतात तेही मालकच.

मेघना, केटी

आणि त्या दोन वर्षांत चेन्नईच्या साध्या प्रेक्षकाने काय पाप केलं होतं?

नाशिकचा ऑफस्पिनर

काहीच नाही, ताई. आणि त्याच निर्णयामुळे पुण्याला दोन वर्षं संघ मिळाला हेही मी विसरलेलो नाही. २०१७ च्या फायनलला मी हैदराबादला गेलो होतो, मुंबईकडून आपण एका धावेने हरलो. मग चेन्नई परत आली आणि आमचा संघ बंद झाला. एका संघाच्या शिक्षेवर आमचा आनंद उभा होता, त्यामुळे तुमचं दुःख मला कळतं. तरीही तो निर्णय बरोबर होता असंच म्हणेन. प्रेक्षकाला झळ बसेल म्हणून मालकाला हात लावायचा नाही, असं ठरवलं तर प्रेक्षक मालकाची ढाल होतो.

सुहास, न्यू जर्सी

बायूकाठचा यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. बेल्त्रानला आत घ्या.

कारण सांगतो. १९१९ ची वर्ल्ड सिरीज शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ जणांनी विकली असा आरोप झाला. ज्यूरीने निर्दोष ठरवलं, तरी कमिशनर लँडिस यांनी १९२१ मध्ये आठही जणांना आजन्म बाहेर काढलं. त्यांत बक वीव्हर होता. त्याने पैसे घेतले नाहीत, त्या सिरीजमध्ये ०.३२४ च्या सरासरीने खेळला. त्याचा गुन्हा एवढाच की त्याला ठाऊक होतं आणि तो बोलला नाही. तो नियम २०१७ ला लावला असता तर अॅस्ट्रोजची अख्खी डगआउट रिकामी झाली असती. मालक चार्ल्स कॉमिस्की मात्र १९३९ पासून हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

पुढे या. १९९४ च्या संपात वर्ल्ड सिरीजच रद्द झाली आणि प्रेक्षक दुरावले. त्यांना परत आणलं ते षटकार मारावा तसे होम रन मारणाऱ्या पहिलवानांनी. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने ७०, सॅमी सोसाने ६६. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३. मैदानं भरली, मालकांच्या तिजोऱ्या भरल्या, आणि त्या फुगलेल्या बाहूंमागे स्टिरॉइड आहेत का हे विचारायची कोणालाच घाई नव्हती. आज ७६२ होम रन असूनही बाँड्स बाहेर आहे, २०२२ मध्ये पत्रकारांच्या मतदानातल्या शेवटच्या संधीत त्याला ६६ टक्के मिळाले. त्या काळात कमिशनर होते बड सेलिग, जे आधी मिलवॉकीचे मालक होते. ते २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्याच २०१७ मध्ये!

दार मालकांसाठी उघडं आणि खेळाडूंसाठी बंद, हा न्याय मला मान्य नाही. ४३५ होम रन मारणाऱ्या बेल्त्रानने शिक्षा भोगली आहे, नोकरी गमावली आहे. बाकीच्यांची नावंही अहवालात नाहीत.

बायूकाठचा (ह्यूस्टन)

सुहास, वीव्हरचा मुद्दा लागला. मी रात्रभर त्यावर विचार केला. तरी एक फरक आहे. बेल्त्रान संघातला सगळ्यात वडीलधारा होता, चाळिशीचा. तरुण पोरं त्याच्याकडे बघून वागत होती. त्याने एकदा "पुरे" म्हटलं असतं तर डबा थांबला असता. म्हणून माझं मत नाहीच. पण क्रेन किंवा दुसऱ्या कोणा मालकाची पाटी तिथे लागणार असेल तर त्याच्याआधी बेल्त्रानची लागावी, एवढं आज मान्य करतो.

आणि मेघनाताई, तुम्हाला म्हणून सांगतो. ३ नोव्हेंबरच्या मिरवणुकीला मीही डाउनटाउनला होतो, मुलीला खांद्यावर घेऊन. तो दिवस मी घरात कोणाला पुसू देत नाही. विजेतेपद रद्द करा म्हणताना मला त्या मिरवणुकीचीच भीती वाटते.

मेघना, केटी

दादा, आमच्याकडे त्या वर्षीची जर्सी आहे, शहराच्या पट्टीची. २०१९ नंतर धाकट्याने ती घालणं बंद केलं, शाळेत मुलं डबा वाजवून चिडवायची. २०२२ ला फिलाडेल्फियाला हरवून जिंकलो तेव्हा त्याने नवी मागितली, ती घेऊन दिली.

जुनी मी टाकलेली नाही. हार्वेनंतर वाचलेल्या कागदपत्रांच्या पेटीत ठेवली आहे. विजेतेपद कोणी रद्द केलं तरी ती तिथेच राहील. पण मधल्या काळात क्रेन यांनी एकदा जरी, वकिलाने लिहून दिलेलं नाही तर स्वतःच्या तोंडाने, बोल्सिंजरचं नाव घेऊन माफी मागितली असती, तर मी ती जर्सी बाहेर काढून धुतली असती.