शब्दचर्चा: ‘इस्ट्रोजेन रिसेप्टर’ मराठीत कसा लिहावा?

पुस्तिकेवाली
पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांसाठी मेंदूच्या आरोग्यावर एक छोटी पुस्तिका लिहितेय. ‘इस्ट्रोजेन रिसेप्टर’ (इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, ओळखणारा पेशीतला घटक) आणि ‘न्यूरोडिजनरेटिव्ह डिसीज’ (मेंदूच्या पेशी निकामी करत जाणारा आजार) या दोन शब्दांपाशी गाडी अडलीय. सध्याचा मसुदा असा: ‘स्त्री-संप्रेरकाचे ग्राहक मेंदूतल्या पेशींच्या भिंतीवर असतात. पाळी गेली की ते रिकामे पडतात आणि मेंदूचा अपक्षय सुरू होतो.’ मैत्रिणीने वाचून विचारलं, ‘ग्राहक म्हणजे गिऱ्हाईक ना?’ शब्द सुचवा. वाक्यातलं काही खटकलं तर तेही सांगा.

निवृत्त मास्तर
‘ग्राहक’ नकोच. ग्राहक मंच, ग्राहक पंचायत, वीज ग्राहक क्रमांक... त्या शब्दावर आता बाजाराचा कायमचा ताबा आहे. ‘ग्राही’ घ्या, परिभाषेत तो रुळलेला आहे. मात्र समास करू नका. गुणग्राही, चित्तग्राही यांत ‘ग्राही’ विशेषण आहे. ‘इस्ट्रोजेनग्राही पेशी’ असं लिहिलंत तर वाचणारीला पेशीच ग्राही वाटेल, आणि तुम्हाला तर पेशीतली एक वेगळी वस्तू सांगायची आहे. सुटं लिहा, ‘इस्ट्रोजेनचा ग्राही’.

गुरांचा डॉक्टर
जुन्या मराठी विज्ञानलेखनात इस्ट्रोजेनला ‘स्त्रीमदजन’ म्हटलेलं आढळतं. आज ते वाचून हसू येईल, पण करणाऱ्याने शब्द मुळापासून केलाय. इस्ट्रोजेनमधला ‘इस्ट्रस’ (मादीचा माज) हा ग्रीक ‘ओइस्त्रोस’वरून आला. ओइस्त्रोस म्हणजे गुरांना डसणारी माशी, आणि ती डसल्यावर जनावर उधळतं तसा उन्माद. आपण गाय माजावर आली म्हणतो तो माज, आणि तोच मद. तो उत्पन्न करणारं ते स्त्रीमदजन. गोठ्यात हा शब्द चपखल बसतो, पुस्तिकेत मात्र कृपा करून घालू नका!

प्रयोगशाळेतून
मास्तरांशी सहमत. ‘ग्राही’ किंवा सरळ ‘रिसेप्टर’. माझा आक्षेप ‘स्त्री-संप्रेरक’ला आहे, आणि इथे तो शब्दच्छल नाही. पुरुषांच्या मेंदूतही इस्ट्रोजेनचे ग्राही असतात आणि त्यांना इस्ट्रोजेन मिळतंही. मेंदूतच अ‍ॅरोमटेज नावाचं विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्राडायॉलमध्ये, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकारात, रूपांतर करतं. पाळी गेल्यावर बाईच्या शरीरातही काही इस्ट्रोजेन याच वाटेने तयार होत राहतं. ‘स्त्री-संप्रेरक’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं आणि विषय ओटीपोटापुरता उरतो. ‘इस्ट्रोजेन’च ठेवा. औषधांच्या दुकानापर्यंत पोचलेला शब्द आहे, बायकांना कळेल.

आता ‘पेशींच्या भिंतीवर’. भिंत वनस्पतींच्या पेशीला असते, आपल्या पेशीला पटल असतं. पण पटलावर म्हणणंही अर्धंच खरं. इस्ट्रोजेनचे मुख्य ग्राही दोन, आल्फा आणि बीटा. दोन्ही बहुतांशी पेशीच्या आत, केंद्रकात सापडतात. इस्ट्रोजेन स्निग्ध असल्यामुळे पटलातून आरपार जातं आणि ग्राहीला जाऊन बसतं. मग ती जोडी डीएनएवर ठरावीक जागी बसून काही जनुकं चालू करते, काही बंद. याला तास, कधी दिवस लागतात. जीपर नावाचा तिसरा ग्राही पटलांवर असतो, तो झटपट काम करतो. तुम्ही फक्त ‘पेशींमध्ये’ लिहा, तिघेही त्यात मावतात.

आणि ‘बाइंड होणे’साठी ‘बांधले जाणे’ लिहू नका. बसणे, जोडले जाणे पुरेसं आहे.

शब्दवेडा
एवढं कशाला? कुलूप आणि किल्ली म्हणा. ग्राही म्हणजे कुलूप, इस्ट्रोजेन म्हणजे किल्ली. शाळेत सगळे शिकलेत.

प्रयोगशाळेतून
सुरुवातीला चालेल, पण इस्ट्रोजेनच्या बाबतीत ही उपमा फार लवकर मोडते. टॅमॉक्सिफेन या औषधाचं उदाहरण घ्या. स्तनात ते ग्राहीवर बसून इस्ट्रोजेनचा मार्ग अडवतं, म्हणून कर्करोगात देतात. तेच औषध हाडात आणि गर्भाशयाच्या अस्तरात बरंचसं इस्ट्रोजेनसारखं वागतं. कुलूप तेच, किल्ली तीच, एका खोलीचं दार उघडतं आणि दुसऱ्या खोलीचं जाम होतं? ग्राही पेशीतल्या इतर प्रथिनांच्या संगतीने काम करतो आणि ही संगत ऊतीगणिक (स्तन, हाड अशा प्रत्येक जागी) बदलते. शिवाय दोन्ही ग्राहींचं प्रमाणही सगळीकडे सारखं नसतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या काही भागांत आल्फा भरपूर आहे. ‘इस्ट्रोजेन मेंदूला चांगलं की वाईट’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही ते यामुळेच.

आकाशकंदील
एक व्यवहारातली गोष्ट. खूप घरांत हा शब्द आधीच येऊन गेलाय, स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ (ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर) म्हणून. माझ्या मावशीने ‘मेंदूत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर असतात’ हे कुठेतरी वाचलं आणि ती घाबरली, कर्करोग मेंदूत पसरतो असा अर्थ तिने लावला. ग्राही निरोगी पेशीतही असतात, हे पुस्तिकेत पहिल्यांदा शब्द येतो तिथेच लिहा. आणि ‘ग्राही (रिसेप्टर)’ अशी जोडी एकदा तरी द्या, नाहीतर रिपोर्टवरचा शब्द आणि पुस्तिकेतला शब्द एकच आहे हे तिला कळणार कसं?

पुस्तिकेवाली
हे फारच उपयोगी. आता ‘न्यूरोडिजनरेटिव्ह’. ‘अपक्षय’ कसा वाटतो?

निवृत्त मास्तर
त्यात ‘क्षय’ आहे, आणि क्षय म्हटलं की आपल्याकडे टीबी. ‘चेताऱ्हास’ छापील लेखात शोभेल, पण तुमच्या वाचकांपैकी कितीजणी ‘चेता’ म्हणजे काय ते सांगू शकतील? ‘मज्जातंतू’ निदान ऐकलेला असतो.

शब्दवेडा
‘मेंदूची झीज’. गुडघ्याची झीज प्रत्येकीला माहीत आहे.

गुरांचा डॉक्टर
तिथेच अडचण आहे. गुडघा वापरून झिजतो, म्हणजे मेंदूही फार चालवला की झिजेल असं कुणी समजेल. उलटा निरोप जायचा.

प्रयोगशाळेतून
तरी मी ‘झीज’ला मत देईन, पण ‘मेंदूतल्या पेशी हळूहळू निकामी होत जाणारे आजार’ अशी फोड एकदा करून. अल्झायमर आणि पार्किन्सन ही दोन उदाहरणं लगेच पुढे द्या. अल्झायमरच्या बहुतेक आकडेवाऱ्यांत बायका जास्त दिसतात, पार्किन्सनमध्ये पुरुष जास्त. बायका जास्त जगतात हे पहिल्याचं एक कारण, पण तेवढंच असावं असं अनेक संशोधकांना वाटत नाही. ग्राहींचा अभ्यास तिथून जोर धरतो.

‘म्हातारचळ’ मात्र कुठेही नको. तो टोमणा आहे. शिवाय अलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात जिला तपासलं ती पहिली रुग्ण ५१ वर्षांची होती.

निवृत्त मास्तर
त्यासाठी ‘स्मृतिभ्रंश’ आहेच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा शब्द येतो, क्रोधातून संमोह आणि संमोहातून स्मृतिभ्रंश. तिथला अर्थ विवेकाचं भान सुटणं असा आहे. वैद्यकाने तो उचलला आणि आता तो वैद्यकाचाच झाला. फक्त स्मृतिभ्रंश आणि अल्झायमर समानार्थी वापरू नका. स्मृतिभ्रंश ही अवस्था, अल्झायमर हे तिचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण.

प्रयोगशाळेतून
आता ज्या वाक्याची मला खरी भीती वाटते ते. ‘पाळी गेली की ते रिकामे पडतात आणि मेंदूचा अपक्षय सुरू होतो.’ यातल्या ‘आणि’ने फार मोठा दावा केलाय. पाळी प्रत्येकीचीच जाते, स्मृतिभ्रंश प्रत्येकीला होत नाही.

ग्राही नुसते रिकामे पडून राहतात असंही दिसत नाही. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी ४० ते ६५ वयाच्या ५४ निरोगी स्त्रियांच्या मेंदूचं पेट (पीईटी) स्कॅन केलं. त्यासाठी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्राडायॉल वापरलं, म्हणजे ते जिथे जाऊन बसेल तिथे ग्राही आहेत हे कळतं. २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाळी गेलेल्यांच्या मेंदूच्या काही भागांत ग्राहींची घनता जास्त निघाली. इस्ट्रोजेन कमी पडलं म्हणून पेशी ग्राही वाढवत असाव्यात, असा त्यांचा अंदाज. आणि जिथे घनता जास्त, तिथे स्मरणाच्या काही चाचण्यांतले गुण कमी होते. एका वेळचं छायाचित्र आहे हे, यावरून कारण ठरवता येत नाही. पण ‘ग्राही संपले’ हे चित्र चुकीचं, एवढं नक्की.

‘मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्याव्यात का?’ हा प्रश्न वाचक विचारणारच. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ६५ आणि त्यापुढच्या ४,५३२ स्त्रिया होत्या, निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन संप्रेरकांच्या गोळ्या, निम्म्यांना औषध नसलेल्या. गोळ्या घेणाऱ्यांत ४० जणींना स्मृतिभ्रंश झाला, दुसऱ्या गटात २१ जणींना. अपेक्षेच्या नेमकं उलट. त्यानंतर ‘योग्य वेळ’ची कल्पना पुढे आली, की उपचार पाळी जाण्याच्या सुमारास सुरू केले तर फरक पडेल. पण नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांना चार वर्षं संप्रेरकं देऊन पाहिली, तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत फायदाही दिसला नाही आणि तोटाही नाही. गरम वाफा, झोप, हाडं यांसाठी या उपचारांना जागा आहे, ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं. स्मृतिभ्रंश टाळायला म्हणून ते सुचवले जात नाहीत. तुमच्या पुस्तिकेत ‘टळतो’, ‘वाचवतो’ ही क्रियापदं शोधा आणि काढा.

आकाशकंदील
‘ब्रेन फॉग’साठी काय करताय? ‘मेंदूतलं धुकं’ वाचलं की हसायला येतं. आमच्याकडे बायका म्हणतात, ‘शब्द तोंडावर येतो आणि निसटतो’, ‘आतल्या खोलीत गेले आणि कशाला आले तेच आठवेना’. हेच लिहा की.

पुस्तिकेवाली
लिहिते. नवा मसुदा: ‘आपल्या मेंदूतल्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन ओळखणारी प्रथिनं असतात, त्यांना ग्राही (रिसेप्टर) म्हणतात. निरोगी बाईच्या आणि पुरुषाच्याही मेंदूत ती असतात. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी होतं आणि मेंदू त्या बदलाशी जुळवून घेतो. या काळात शब्द तोंडावर येऊन निसटणं, झोप मोडणं असे त्रास बऱ्याच जणींना होतात. म्हणजे अल्झायमर सुरू झाला असं नाही.’

प्रयोगशाळेतून
चालेल. ‘जुळवून घेतो’ऐवजी ‘जुळवून घेऊ लागतो’ करा, प्रत्येकीचा मेंदू एकाच गतीने घेत नाही.

निवृत्त मास्तर
‘त्यांना ग्राही म्हणतात’ इथवर ठीक. पुढे ‘ती असतात’ हे प्रथिनांना धरून आहे. ग्राहींना धरलंत तर ‘ते’ होईल. कोणतंही एक धरा, पण पुस्तिकाभर तेच ठेवा.