मदत हवी आहे : मानसोपचार वॉर्डात नर्सवर होणारे हल्ले

नमस्कार. मी मानसोपचार वॉर्डात स्टाफ नर्स आहे. नुकतंच औषधं देताना एका पेशंटने माझ्या ज्युनिअरचे केस धरून तिला खाली ओढलं. मान लचकली, हातभर ओरखडे उठले. त्याहून जिव्हारी लागलं ते वरिष्ठांचं बोलणं, "इथे हे चालायचंच." मग तिने इन्सिडंट रिपोर्ट लिहिलाच नाही. पेशंटवर माझा राग नाही. बाईंना आवाज ऐकू येत होते, सकाळपासून त्या येरझाऱ्या घालत होत्या, दारावर थापा मारत होत्या. हे सगळ्यांना दिसत होतं, पण नोंद कुठेच नव्हती.

म्हणून ब्रोसेट चेकलिस्ट, म्हणजे पेशंट हिंसक होण्याची शक्यता आधीच ओळखायची यादी, सुरू करावी असं वाटतंय. गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, शाब्दिक धमकी, अंगावर धावून जाणं, वस्तूंची आदळआपट अशी 6 लक्षणं, प्रत्येकी 1 गुण. पुढच्या 24 तासांतला धोका त्यावरून जोखतात. 3 किंवा जास्त गुण आले की आधीच उपाय करायचे.

तुमच्यापैकी कोणी ती वापरतं का? नाइटला स्टाफ तुटपुंजा असताना ती खरंच भरली जाते, की नुसत्या टिकमार्कच्या खुणा होतात? आणि जास्त गुण आले की तुम्ही नेमकं काय करता? हात बांधणं हा पहिला उपाय व्हायला नको, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय, मार बसलेल्या नर्सशी नंतर कोण बोलतं तुमच्याकडे? माझी ज्युनिअर आता औषधांची ट्रॉली घेऊन आत जायलाच घाबरते. तिला पुन्हा ड्युटीवर कसं रुळवू?