अपघाताचा क्लेम: लोकअदालतीत मिटवायचा की निकालापर्यंत थांबायचं?

माई_सातारा
धाकट्या भावाला नोव्हेंबर २०२१ मध्ये टेम्पोने उडवलं. फरशी बसवायचं काम करतो, म्हणजे करायचा. तेव्हा वय ३४. मांडीत रॉड, गुडघा अर्धाच वाकतो, सिव्हिलचं प्रमाणपत्र ३५ टक्क्यांचं. क्लेम टाकला २०२२ मध्ये. टेम्पोमालकाने पत्ता बदललेला, त्याला नोटीस लागायलाच वर्ष गेलं. आता विमा कंपनी म्हणते, लोकअदालतीत साडेसहा लाखांवर मिटवा. माझं मत, अजिबात मिटवू नये. वेळ कंपनीने काढायचा आणि आपण कंटाळलो म्हणून सूटही कंपनीलाच? उद्या सगळ्यांनी असंच मिटवलं तर त्या तारखाच मागत राहतील.

घाटावरचा
ताई, मिटवा. आमच्या चुलत्यांचा निकाल सात वर्षांनी लागला, वर कंपनी हायकोर्टात गेली. पैसे आले तेव्हा चुलते नव्हते. काकूने चेक देवापुढे ठेवला आणि तीन दिवस बँकेत भरलाच नाही. निकालात व्याज साडेसात टक्के, तेही सरळ. आमचं पतसंस्थेचं कर्ज चौदा टक्क्यांनी चाललेलं. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, कोर्ट फीही परत मिळते. साडेसहा तर साडेसहा.

काळा_कोट
अपील नाही हे कंपनीला लागू आणि तुम्हालाही. सही केली की संपलं. म्हणून आधी हिशोब करा. महिना १५ हजार धरा, वर्षाचे १ लाख ८० हजार. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के (सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा प्रणय सेठी निकाल). झाले २ लाख ५२ हजार. वय ३४ ला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई किती पट धरायची तो आकडा, १६; सुप्रीम कोर्टाच्याच सरला वर्मा निकालाच्या तक्त्यातला. गुणून येईल त्याचे ३५ टक्के काढले की १४ लाख ११ हजार. दवाखाना, वेदना, बुडालेली मजुरी वेगळी.
आता कंपनीच्या चष्म्यातून. उत्पन्न १० हजार आणि अपंगत्व २० टक्के धरलं तर ५ लाख ३७ हजार. वर थोडा दवाखाना टाकला की आले साडेसहा.

घाटावरचा
वकीलसाहेब, कागदावरचे चौदा लाख किराणावाला घेत नाही. आणि तारखा वाढल्या तर तुमचं काय जातं?

काळा_कोट
वाढलेल्या तारखेचे मला वेगळे पैसे मिळत नाहीत. असो. मीही अर्धे क्लेम मिटवतोच, पण आकडा बघून.

टेबलापलीकडचा
विमा कंपनीत क्लेम बघतो, शिव्या द्यायच्या तर द्या. २० टक्के हवेतून येत नाहीत. ३५ टक्के एका पायाचे असतील, तर अख्ख्या शरीराचे कमीच होतात. खरा उशीर साक्षीत होतो. प्रमाणपत्र देणारे डॉक्टर उलटतपासणीला यावे लागतात आणि ते येत नाहीत. अर्ध्या फायली तिथेच अडतात. नव्या नियमांत पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा, आम्ही ३० दिवसांत प्रस्ताव द्यायचा. पोलिसांचा कागदच उशिरा आला तर आम्ही कशावर प्रस्ताव देणार?

काळा_कोट
पायाचे की शरीराचे, एवढ्यावर थांबू नका. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अपंगत्वाने कमाई किती गेली ते बघा. कारकुनाचा गुडघा आणि फरशीवाल्याचा गुडघा एक नाही. माई, भाऊ आता काय करतो?

माई_सातारा
हार्डवेअरच्या दुकानात बसतो, महिना ८ हजार. फरशी उकिडवं बसून लावतात. त्याला संडासालाही खुर्ची लागते. आत्ता प्रमाणपत्र काढून पाहिलं, हे त्यात कुठेच नाही. नुसतं ‘३५ टक्के’ आणि शिक्का.

घाटावरचा
मग माझे शब्द निम्मे मागे. पण मिटवणारच नाही असं धरून बसू नका ताई. आकडा सांगून बघा.

माई_सातारा
दादा, अकरा सांगणार आहे. नाही म्हणाले तर पुढच्या तारखेला डॉक्टरांना समन्स काढायला लावते. भावाला विचारलं तर म्हणतो, दुकानातून अर्धा दिवस सुट्टी मिळते का ते आधी बघ.