कागदी गुराब: बाहेरच्या आवरणातून फासळ्या दिसतात, मदत हवी आहे

गोदाकाठी:

मंडळी, आंग्र्यांच्या आरमारात असायची तशी तीन डोलकाठ्यांची गुराब (शिडाचं लढाऊ जहाज) कागद-पुठ्ठ्यात करायला घेतली आहे. युरोपातल्या शिडाच्या जहाजांची कागदी किटं मिळतात, पोलंडची तर एकाहून एक सरस. आपल्या गुराबेचं काही मला दिसलं नाही, म्हणून आराखडा स्वतःच काढला. मोजमाप घ्यायला मूळ जहाज तरी कुठे उरलंय? तुळाजी आंग्र्यांचं आरमार १७५६ मध्ये विजयदुर्गालाच जळालं.

आधार मुख्यतः ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात केलेल्या वर्णनाचा. तीन डोलकाठ्यांची गुराब साधारण ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० च्या आतली. पाण्यात कमी बुडणारी, लांबीच्या मानाने चांगलीच रुंद आणि मधून टोकाकडे निमुळती होत गेलेली. पुढे नेहमीची गोल नाळ (जहाजाचं पुढचं तोंड) नाही. भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखं (वल्ह्यांच्या जहाजासारखं) लांब टोक पुढे आलेलं, त्याच्यामागे आडवी भिंत, आणि भिंतीतल्या झरोक्यांतून त्या टोकावरून समोर मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा.

सांगाडा १ मिमी कप्पा बोर्डाचा (बाइंडिंगच्या कडक पुठ्ठ्याचा), बाइंडिंगवाल्याकडून आणलेला. लांबी ३५ सेंमी, दर तीन सेंमीवर एक फासळी. इथवर ठीक. वरून कार्डशीटचं आवरण लावलं की दोन फासळ्यांमध्ये कागद आत बसतो आणि जहाज दुष्काळातल्या बैलासारखं दिसायला लागतं. प्रकाश बाजूने पडला की बरगड्या मोजून घ्याव्यात.

दुसरं, पावसाळी हवेत सपाट डेकसुद्धा एका बाजूला वळतंय. गम पांढरा, पाण्याचा.

तिसरं, कागद. नाशिकचा मेन रोड, शालिमार सगळं पालथं घातलं. शाळेच्या प्रोजेक्टसाठीचं रंगीत कार्डशीट हवं तेवढं, पण २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम) घट्ट पांढरा कागद मागितला की दुकानदार लग्नपत्रिकेचे नमुने दाखवतो. नाशिकरोडला नोटा छापतात आणि गावात धड कागद मिळू नये!

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. ‘लाकडात करा’ हा सल्ला घरच्यांनी आधीच दिला आहे.

पुठ्ठेबाज:

विषय आवडला. आधी बरगड्यांचं बघू.

आवरण थेट फासळ्यांवर लावू नका. फासळीची कड १ मिमीची, तिच्यावर दोन तुकड्यांचा सांधा बसणार कसा? प्रत्येक फासळीच्या कडेवर ६-७ मिमी रुंदीची पातळ कार्डाची पट्टी गोलाकार चिकटवा. त्या पट्टीवर दोन्हीकडचे तुकडे येऊन भिडले पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नयेत. हे झालं आतलं आवरण. ते कुरूप दिसलं तरी चालेल, कारण ते झाकलं जाणार आहे. सांध्यांवर पातळ सुपरग्लू जिरू द्या. कागद कडक होतो आणि मग बारीक पॉलिशपेपरने घासता येतो. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांत जाते.

याच्यावर खरं आवरण, आणि तेही एकसंध नको. ३ मिमीच्या लांब पट्ट्या कापून एकेक फळी बसवा. १:१०० च्या प्रमाणात ती ३० सेंमीची फळी झाली, नजरेला पटते. वेळ जातो, पण आतल्या आवरणात राहिलेले खळगे फळ्यांच्या रेघांत लपतात.

आणि फासळ्या तीनऐवजी दोन सेंमीवर घेतल्या असत्या तर निम्मं काम वाचलं असतं. आता मधल्या जागेत फोमचे तुकडे भरून घासून घ्या.

कोकणी_माणूस:

विषयांतराबद्दल क्षमस्व. पुढच्या टोकाला कठडा लावू नका. गुराब समोरच्या लाटांवर फार आपटायची, म्हणून टोकावरचं डेक उघडं ठेवत, आलेलं पाणी अडथळ्याविना निघून जायचं. ऑर्मनेच लिहिलंय. एखाद्या चित्रात हौसेने कठडा दाखवलेला असला तरी भुलू नका.

पुठ्ठेबाज:

गुराबेचं हे टोक कागदवाल्याच्या पथ्यावरच पडतं. कागद एका वेळी एकाच दिशेने वळतो. युरोपीय जहाजाची गोल नाळ दोन्ही दिशांनी फुगलेली, तिथे चिरा पाडून पाकळ्या कराव्या लागतात आणि सगळं कसब तिथेच लागतं. गुराबेचं निमुळतं टोक जवळपास सरळ वळणाचं आहे. गोदाकाठी, तुम्ही नकळत सोपं जहाज निवडलंय.

मिसळपाव_तर्री_जादा:

गावातलाच आहे. कागद दुकानात मागू नका, ऑफसेट प्रेसवाल्याकडे जा. मोठ्या शीटचं कटिंग झाल्यावर उरलेल्या पट्ट्या पडून असतात, त्यात आर्टकार्ड, आयव्हरी सगळं मिळतं. चकचकीत आर्टकार्ड घेऊ नका, रंग धरत नाही आणि घडीवर तडकतं.

घेताना तुकडा दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ज्या घडीने सहज वळतो, त्या घडीच्या रेषेत ग्रेन, म्हणजे कागदाचे तंतू. फळ्यांच्या पट्ट्या ग्रेनच्या लांबीत कापा, वळल्यावर कड फाटणार नाही. डेक वळतंय त्याचंही कारण हेच असणार. दोन थर चिकटवताना दोघांचा ग्रेन एकाच दिशेने ठेवा. मोठ्या पृष्ठाला पाण्याचा गम नकोच, चपला शिवणारे वापरतात तो रबरी गम घ्या. चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा आणि नंतर वार्निशचा हात दोन्ही बाजूंनी द्या. एकाच बाजूने दिलात तर श्रावणात परत वळेल.

गोदाकाठी:

वा! ग्रेनचं डोक्यातच आलं नव्हतं. आता कटिंग थांबवून सगळे कागद वाकवून बघत बसलोय. डेकच्या दोन थरांत एकाचा ग्रेन उभा, दुसऱ्याचा आडवा निघाला, ते नवं करतो.

डोलकाठ्यांचं काय? कागदाची गुंडाळी करून बघितली, सरळ येते, पण वर निमुळती होत नाही.

मिसळपाव_तर्री_जादा:

येवल्याची ओळख काढा. संक्रांतीला जिथे अख्खं गाव गच्चीवर असतं तिथे पतंगाच्या कामट्यांना काय तोटा! बांबूची कामटी गाठ टाळून घ्या. ब्लेड काठीवर उभं धरून खरवडत वर जा, दर वेळी काठी थोडी फिरवायची. चौकोनीची आठकोनी, मग गोल. वरचं टोक बुडाच्या निम्म्याने बारीक झालं की थांबा. नुसती कागदी गुंडाळी दोरांच्या ताणाने वाकते.

कोकणी_माणूस:

आणि दोर सुती घेऊ नका, लव सुटते. जवळून बघितलं की जहाजाला केस आल्यासारखं दिसतं. पॉलिस्टर धागा घ्या, मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा. डोलकाठीच्या बाजूच्या शिड्यांना प्रत्येक छेदावर गाठ मारायच्या नादी लागू नका. उभे दोर कार्डाच्या चौकटीवर ताणा, आडवा धागा मागून चिकटवा, वाळल्यावर सुपरग्लूचा ठिपका देऊन टोकं छाटा. १:१०० ला गाठ मारलीत तर ती माणसाच्या डोक्याएवढी दिसेल.

गोदाकाठी:

शेवटची शंका. इंकजेटवर छापलेल्या भागांवर वार्निश दिलं तर शाई पसरेल का?

पुठ्ठेबाज:

पाण्याचं वार्निश ब्रशने दिलंत तर पसरण्याची शक्यता फार. आधी स्प्रेचे दोन-तीन हलके हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. लेझर प्रिंट पसरणार नाही, पण घडीवर टोनर उडतो, तिथे पांढरी रेघ दिसते. घडीच्या आणि कापलेल्या सगळ्या कडा जोडण्याआधीच जलरंगाने रंगवून घ्या, जोडल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.