लिंबाच्या बॅटरीवर एलईडी पेटत नाहीये, मदत हवी आहे

चौथीतल्या मुलीसोबत घरी लिंबाची बॅटरी करतोय. चार लिंबं, प्रत्येकात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा असलेला खिळा, सगळी सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडलेली. मल्टिमीटरवर ३.६ व्होल्ट दिसतात पण लाल एलईडी जोडला की १.४ वर येतात आणि तो पेटतच नाही, अंधारात हाताचा आडोसा करून पण बघितलं. एलईडी चांगलाय, बटन सेलवर पेटतो. लिंबं दाबून मऊ केली, एलईडीचे पाय उलटे लावून बघितले, तारा घासून लख्ख केल्या. जुने सेल फोडून जस्त काढायचं नाहीये, पोरगी सगळ्याला हात लावते. आता लिंबं वाढवू की तारेऐवजी रुंद तांब्याची पट्टी घालू? आणि सोलापुरात मंगळवार पेठेत वगैरे जस्ताचा पत्रा सुटा मिळेल का?